खातं बंद करायला गेलेल्या मावशीला बँकेने पॉलिसी विकली

घरातलं कुणी वयस्कर माणूस बँकेतलं खातं बंद करायला एकटंच निघालं असेल, तर त्यांना दोन मिनिटं थांबवा आणि आधी हे वाचायला द्या. खातं बंद करायचा फॉर्म मागितला की शिल्लक रक्कम आता बाहेर जाणार हे शाखेतल्या लोकांना लगेच कळतं. डोक्यावर विक्रीचं टार्गेट असलेल्या माणसासमोर अशा वेळी एकटी, वय झालेली बाई बसली की काय होतं, ते आमच्या मावशीच्या बाबतीत झालं.

मावशी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. काका गेल्यानंतर दोघांच्या नावावरचं जुनं खातं तिच्या एकटीच्या नावावर झालं. तिची पेन्शन दुसऱ्या बँकेत जमा होते. दोन पासबुकं सांभाळा, दोन्हीकडे केवायसीची कागदपत्रं द्या, एकीकडे किमान शिल्लक राखा, हे सगळं तिला नकोसं झालं होतं. जुनं खातं बंद करून त्यातली चार लाखांच्या आसपासची रक्कम पेन्शनच्या खात्यात वळवायची, एवढंच तिचं काम होतं. ती निवृत्त शिक्षिका आहे, घरचा हिशेब आजही स्वतः वहीत लिहिते. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'शिकलेली माणसं अशी फसत नाहीत' असं अनेकांना वाटतं.

काउंटरवर तिने फॉर्म मागितला, तर तिला आतल्या केबिनमध्ये पाठवलं. तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने पाणी दिलं, काकांविषयी विचारपूस केली आणि म्हणाला, "काकू, खातं आजच्या आज बंद नाही होत, वरून अप्रूव्हल यावं लागतं. तोवर एवढे पैसे सेव्हिंगला कशाला ठेवता? मी एफडीसारख्यात लावून देतो. व्याज जास्त मिळेल, हवे तेव्हा काढा. अप्रूव्हल आलं की दोन्ही एकदमच बंद करू." यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

त्याने टॅबवर सह्या घेतल्या आणि तिच्या मोबाइलवर आलेले ओटीपी विचारून स्वतःच भरले. मग म्हणाला, "आता कंपनीतून फोन येईल. ते जे विचारतील त्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते." तो समोर बसलेला असतानाच फोन आला. पलीकडची बाई भराभर बोलत होती आणि मावशी हो, हो म्हणत गेली. पॉलिसीच्या अटी ग्राहकाला समजल्या आहेत ना, याची खातरजमा करणारा हा फोन असतो आणि तो रेकॉर्ड होतो. पुढे तक्रार केली की कंपनी हेच रेकॉर्डिंग पुढे करते. तुमच्या घरातल्या मोठ्यांना निदान एवढं सांगून ठेवा: विकणारा माणूस समोर बसून 'हो म्हणा' सांगत असेल, तर तो फोन तिथल्या तिथे ठेवून द्यायचा.

काही दिवसांनी मावशीने पासबुक भरून आणलं. तीन लाख रुपये वजा झाले होते आणि त्यासमोर एका विमा कंपनीचं अर्धवट छापलेलं नाव होतं. एफडीची पावती कुठे आहे म्हणून ती शाखेत विचारायला गेली, तेव्हा तिला कळलं की ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि पाच वर्षं, दर वर्षी तीन लाखांचा हप्ता भरायचा आहे. खात्यात होते सगळे मिळून चार लाख. दुसरा हप्ता ती कुठून भरणार होती, हा प्रश्न विकणाऱ्याला पडला नसेल असं मला वाटत नाही. पडला असणारच, आणि तरी त्याने विकली.

मग खातं बंद करायचं तर नवीन कारणं सुरू झाली. आधी, पॉलिसीचा हप्ता याच खात्यातून जाणार म्हणून ते बंद करता येत नाही. नंतर, पहिला अर्ज सापडत नाही, पुन्हा द्या. पुन्हा दिला तर सही जुळत नाही. मावशीचा हात अलीकडे थोडा थरथरतो, त्यामुळे सही वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्यासारखी येत नाही, हे खरं आहे. पण त्याच थरथरत्या हाताच्या सहीवर तीन लाखांची पॉलिसी झाली, तेव्हा कुणाला काही खटकलं नव्हतं. पैसे आत ठेवताना चालणारी सही पैसे बाहेर काढताना कशी चालत नाही, हे मी शाखा व्यवस्थापकांना समोर बसून विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, नवा फॉर्म पुढे सरकवला.

वृद्ध किंवा आजारी खातेदाराला सही करणं जमत नसेल, तर अंगठ्याचा ठसाही चालतो. बँकेच्या ओळखीतले दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेची ही सूचना जुनी आहे. त्यामुळे 'सही जुळत नाही' या कारणावर कुणी तुम्हाला घरी परत पाठवत असेल तर जाऊ नका. ओळखपत्र दाखवून सहीचा नवा नमुना तिथेच नोंदवून घ्या.

या घोळात तीन लाख गेल्यामुळे उरलेली लाखभराची शिल्लक त्या खात्याच्या किमान मर्यादेला कमी पडली आणि दंड कापला जाऊ लागला. खातं बंद करायचा अर्ज बँकेतच पडून, आणि शिल्लक कमी म्हणून दंड मात्र चालू! किमान शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं असतं आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा असतो. शिवाय नुसत्या या दंडापोटी बचत खातं उणे होऊ द्यायचं नसतं. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. मावशीला ना मेसेज आला होता, ना पत्र.

आम्ही विमा कंपनीकडे मूळ प्रस्तावाची, म्हणजे प्रपोजल फॉर्मची प्रत मागितली. ती हातात आली तेव्हा मला खरोखर धक्का बसला. व्यवसायाच्या रकान्यात 'शिकवणी वर्ग' लिहिलेलं होतं. मावशीने निवृत्तीनंतर एकही शिकवणी घेतलेली नाही. वार्षिक उत्पन्न तिच्या पेन्शनच्या कितीतरी पट फुगवलेलं, म्हणजे तीन लाखांचा हप्ता परवडतो असं दिसावं. मोबाइल नंबर तिचा होता. ईमेल पत्ता मात्र घरात कुणाच्याच ओळखीचा नव्हता, मावशीला तर ईमेलच नाही. पॉलिसीचा दस्तऐवज त्याच पत्त्यावर गेला होता.

आणि शेवटी याच ईमेलमुळे पैसे सुटले. आयुर्विमा पॉलिसी पसंत नसेल तर ती परत करायला ३० दिवस मिळतात, त्याला फ्री लूक म्हणतात. हे दिवस पॉलिसीचा दस्तऐवज ग्राहकाच्या हाती पडल्यापासून मोजायचे, पैसे कापल्याच्या तारखेपासून नव्हे. शाखेतला माणूस 'मुदत गेली' म्हणत होता, तो पैसे कापल्याची तारीख धरून. दस्तऐवज खातेदाराला मिळालेलाच नाही, तो अनोळखी ईमेलवर पाठवला, व्यवसाय आणि उत्पन्न खोटं लिहिलं, असं आम्ही विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. सोबत पेन्शनचा कागद जोडला आणि परतावा जुन्या खात्यात येऊ नये म्हणून पेन्शनच्या खात्याचा कॅन्सल चेक लावला. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवली. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे. मुद्रांक शुल्क आणि मधल्या दिवसांच्या विमा संरक्षणाची रक्कम कापून बाकीचे पैसे परत आले.

बँकेशी मात्र वेगळं भांडावं लागलं. आधी सगळा व्यवहार तोंडी होता आणि तोंडी बोलल्याचा पुरावा राहत नाही, म्हणून आम्ही सगळं कागदावर आणलं. खातं बंद करण्याचा अर्ज दोन प्रतींत केला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आम्ही पोच देत नाही." मावशी तिथेच खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मग तसं लिहून दे बाळ, पोच देत नाही म्हणून." शिक्का मिळाला. अर्जाबरोबर चेकबुकातले उरलेले चेक आणि कार्ड परत केलं, त्यांचाही उल्लेख अर्जात केला. हप्ता कापण्याची परवानगी, म्हणजे मँडेट, रद्द करायचा अर्ज वेगळा दिला. तो वेगळाच द्या, नाहीतर एकाच्या नावाखाली दुसरं अडवून ठेवतात.

बँकेच्या तक्रार विभागाकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत यासाठी फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं मात्र आवश्यक आहे, म्हणून त्या शिक्क्याच्या पोचेला एवढं महत्त्व. माहिती हवी असेल तर १४४४८ वर फोन करा. तक्रार नोंदवल्यावर बँकेच्या विभागीय कार्यालयातून मावशीला फोन आला आणि जे काम होत नव्हतं ते झालं. खातं बंद झालं, कापलेला दंडही परत मिळाला. 'तक्रार मागे घ्या म्हणजे पटकन करतो' असंही त्या फोनवर सुचवलं गेलं होतं. मावशीने नकार दिला. आधी पैसे आणि खातं बंद झाल्याचं पत्र, मग बाकी बोलू, असं तिने सांगितलं. तुम्हीही असंच करा.

ज्याने पॉलिसी विकली, त्याच्यावर काय कारवाई झाली हे आम्ही लेखी विचारलं होतं. 'अंतर्गत बाब' एवढंच उत्तर आलं. याचा मला अजून राग आहे. त्या केबिनमध्ये मावशीच्या आधी आणि नंतर किती जणी बसल्या असतील, आणि त्यांतल्या किती जणींना पासबुक वाचून दाखवायला घरात कुणी असेल?

खातं बंद झाल्याचं पत्र घेताना त्यावर तारीख आहे का बघा आणि शेवटच्या दिवसापर्यंतचं स्टेटमेंट व व्याजाचा दाखला त्याच वेळी मागून घ्या. खातं बंद झाल्यावर हे कागद मिळवायला पुन्हा त्याच शाखेत जावं लागतं. आयकराचा परतावा, गॅसचं अनुदान किंवा आधारशी जोडलेले इतर पैसे त्या खात्यात येत असतील, तर बंद करायच्या आधीच दुसरं खातं जोडा. मावशीचा आयकर परतावा याच खात्याला जोडलेला निघाला, तो तिने पोर्टलवर पेन्शनच्या खात्याला जोडून घेतला.