तासाच्या भाड्यानं कापलेली गिटार : दहा महिने वाजवल्यानंतर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तारा चढवल्या, आता फेब्रुवारी संपत आलाय. मध्ये एक पावसाळा आणि एक कोरडा हिवाळा गेला. नव्या गिटारीचं कौतुक पहिल्या महिन्यात सगळेच करतात, म्हणून इतके दिवस गप्प बसलो होतो.

ही गिटार सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकातल्या फाईलप्रमाणे फिरत्या टूलनं लाकूड कापणाऱ्या मशीनवर कापली. मशीन माझं नाही, तासाच्या भाड्यानं घेतलेलं. भोसरीतल्या एका फर्निचर वर्कशॉपचं १३२५ राउटर, म्हणजे १३०० बाय २५०० मिमीचा बेड. एरवी त्यावर दारांची वेलबुट्टी आणि देव्हाऱ्यांच्या जाळ्या कापतात. त्याआधी हौसेनं घरी टेबलावरचं छोटं ३०१८ घेऊन बसलो होतो. त्याची कापायची जागा ३०० बाय १८० मिमी. गिटारीच्या मानेवरची बावीस फ्रेटची (सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या तारांची) पट्टी नटपासून, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्यापासून, शेवटच्या फ्रेटपर्यंतच ४६६ मिमी भरते. हे गणित मशीन घरी आल्यावर केलं. सध्या त्यावर नावाच्या पाट्या निघतात.

डिझाइन फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीच्या वळणाचं ठेवलं. ती आखणारा लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि १९५० च्या सुमारास त्यानं ही गिटार कारखान्यात पटापट निघावी अशीच आखली : सपाट फळीची बॉडी, चार स्क्रूंनी बसवलेली नेक (मान), मागे न झुकणारं हेड (खुंट्यांचा शेंडा). त्यामुळे नेक इंचभर जाडीच्या फळीतून निघते. राउटरवर पहिलीच गिटार करणाऱ्यानं दुसरीकडे बघू नये.

बॉडी आधी सागवानाची करणार होतो. पण सॉफ्टवेअरमध्ये घनफळ बघितलं तर नुसती बॉडीच पावणेतीन किलोच्या घरात. मग तून घेतलं, मिरजेचे सतारमेकर वापरतात तेच. महोगनीच्या कुळातलं लाकूड. बॉडी दोन किलोच्या आसपास बसली आणि अख्खी गिटार साडेतीन किलो. तासभर उभं राहून वाजवलं तरी खांदा कुरकुरत नाही.

नेकसाठी मात्र सागवानच, तेही पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं. वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड हलणार नाही, हा हिशेब. तो चुकला नाही, पण आत तुटलेला खिळा होता. सहा मिमीचं टूल त्यावर आदळलं, ठिणगी उडाली आणि ऑपरेटरनं इमर्जन्सी दाबेपर्यंत टूलचा शेंडा गेला होता. नशिबानं जागा हीलमध्ये, म्हणजे नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकात होती. लोखंडाचा काळा डाग आता बॉडीच्या खोबणीत झाकला गेलाय. जुनं लाकूड घेणार असाल तर आधी त्यावरून मेटल डिटेक्टर फिरवा, भिंतीतल्या वायरी शोधायचा साधा असला तरी चालेल.

मशीनचा खरा फायदा फ्रेटच्या खाचांमध्ये. हिशेब सोपा आहे : स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी. त्याला १७.८१७ नं भागलं की पहिला फ्रेट ३६.३५ मिमीवर येतो, मग उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. हातकरवतीनं अशा बावीस खाचा मारताना एक जरी अर्धा मिमी सरकली तरी कानाला टोचते. मशीननं सगळ्या जागच्या जागी मारल्या. दहा महिन्यांनी आजही बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर एका रेषेत येतात.

जागा बरोबर, रुंदी चुकली. फ्रेटच्या वायरीचा खालचा दात ०.५८ मिमीचा, म्हणून ०.६ चं टूल आणलं. फाईल बघून ऑपरेटर म्हणाला, “दादा, एवढं बारीक तर आम्ही गणपतीच्या डोळ्यालापण वापरत नाही.” वर्कशॉपकडे या टूलचा दांडा पकडणारं ३.१७५ मिमीचं कॉलेटच नव्हतं, तेही मीच विकत आणलं. एका फेरीत जेमतेम पाव मिमी खोली, तरी नेकवर चिकटवायच्या फ्रेटबोर्डच्या शिसवीत तीन टूल मोडली. त्यात टूल फिरवणारं स्पिंडल किंचित डुलत फिरत होतं, त्यामुळे खाच प्रत्यक्षात ०.६५ च्या पुढे गेली. परिणाम ऑक्टोबरच्या उन्हात दिसला : चौदावा आणि सतरावा फ्रेट कडेला उचलले गेले, तार घरघरायला लागली. पातळ सुपरग्लू सोडून, क्लॅम्प लावून बसवले. अजून तरी टिकलेत. त्या टूलनं आधी भंगार तुकड्यावर एक खाच मारून मोजायला हवी होती, दहा मिनिटांचं काम होतं.

नेकची खोबण हा माझा दुसरा मूर्खपणा. मशीनवरून उतरली तेव्हा नेक अशी चपखल बसली की स्क्रू न लावता गिटार उचलून सगळ्यांना दाखवली. मग मेलामाइन पॉलिशचे हात चढले आणि नेक आत जाईना! मी फट ठेवली होती ०.१ मिमी, पॉलिशनं ती खाल्ली. नव्या चकाकत्या बॉडीच्या खोबणीत पॉलिश पेपर घासताना जीव तुटत होता. पुढच्या वेळी ०.३ ठेवणार. फाईलमध्ये चूक असली तर मशीन तीही इमानेइतबारे कापून देतं.

पावसाळ्यात नेक थोडी पुढे वाकली. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिमीवरून २.१ वर गेली. नेकच्या आतल्या ट्रस रॉडला (वाक सरळ करायच्या लोखंडी सळईला) पाव फेरा दिला, भागलं. डिसेंबरात तोच पाव फेरा परत उलटा. विकतच्या गिटारीलाही एवढं लागतंच. हिवाळ्यात शिसवी आक्रसून फ्रेटची टोकं तळहाताला लागायला लागली, ती कानशीनं घासली.

आवाजाबद्दल फार बोलत नाही. पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) विकतचे आहेत, कापणीचा त्यांच्याशी संबंध नाही. आतल्या कप्प्यांना तांब्याची टेप लावूनही घरी गुणगुण येत होती, ती शेवटी आमच्या जुन्या वायरिंगच्या अर्थिंगची निघाली.

मशीनचे तास झाले सात, रविवार गेले अकरा. फ्रेट लेव्हल करणं, त्यांची डोकी गोल करणं, हाडाच्या नटमध्ये सहा खाचा कोरणं, नेकच्या मागची शेवटची घासणी, हे सगळं हातानं. मशीन घेतलं की गिटार आपोआप बाहेर पडते असं वाटत असेल तर ३०१८ माझ्याकडून स्वस्तात घेऊन जा.

दुसऱ्या नेकची फाईल पेनड्राइव्हवर तयार आहे. वर्कशॉपला लग्नसराईच्या फर्निचरची गडबड आहे, मार्चअखेरचा एक रविवार मिळालाय. यावेळी कॉलेट नवं आणि मेटल डिटेक्टर शेजाऱ्यांकडून मागून आणलेला.