प्रबंधातली चित्रं: रुंदी सारखी ठेवायची की प्रमाण?

लातूर-नांदेडकडे भूजलावर प्रबंध लिहिणाऱ्याच्या फोल्डरमध्ये साधारण तीन जातींची चित्रं असतात: मोबाइलवर काढलेले विहिरींचे फोटो, पाणीपातळीचे आलेख आणि नकाशे. ‘सगळी चित्रं एकसारखी दिसू द्या’, असं मार्गदर्शक सांगतात. पण नेमकं काय सारखं हवंय, हे ठरल्याशिवाय लाटेकमधली (आज्ञा लिहून प्रबंधाची मांडणी करणारी संगणकप्रणाली) आज्ञा निवडू नका. चित्र घालायच्या ‘ग्राफिक्सएक्स’ पॅकेजच्या (लाटेकला जोडायच्या पुरवणीच्या) ‘इन्क्लूडग्राफिक्स’ आज्ञेत मुख्य पर्याय दोन. ‘स्केल’ चित्राला त्याच्या मूळ आकाराच्या पटीत लहान-मोठं करतं, तर ‘विड्थ’ कागदावरची रुंदी थेट ठरवतं.

फोटोंसाठी ‘विड्थ’च घ्या. फोटोचा ‘मूळ आकार’ भरवशाचा नसतो. फाइलमध्ये दर इंचाला किती पिक्सेल याची नोंद नसली, तर पीडीएफलाटेक (लाटेकमधून थेट पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) ७२ धरतं. मग ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १४१ सेंमीचा ठरतो आणि ०.२ स्केल लावूनही २८ सेंमी उरतो, म्हणजे २१ सेंमीच्या ए-फोर पानाबाहेर. त्याच विहिरीचा, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो त्याच ०.२ ने जेमतेम ११ सेंमीचा होतो. ओळीच्या रुंदीच्या ०.८ पट असं सांगितलं की दोन्ही सारखे बसतात. उभ्या फोटोंना मात्र रुंदीऐवजी उंची द्या, नाहीतर एकच फोटो अख्खं पान खातो.

नकाशांचं गणित उलटं आहे, आणि चुकीचे नकाशे छापलेले प्रबंध बघून मला खरंच वाईट वाटतं. बीड जिल्हा क्षेत्रफळाने हिंगोलीच्या दुपटीहून मोठा. दोन्हींना एकच रुंदी दिली की हिंगोली फुगतो आणि पान उलटणाऱ्याला दोन्ही जिल्हे तोलामोलाचे वाटतात. दोन्ही नकाशे जीआयएसमधून (नकाशे बनवायच्या संगणकप्रणालीतून) एकाच प्रमाणात काढा आणि लाटेकमध्ये दोघांना एकच ‘स्केल’ लावा. नकाशावर ‘१ सेंमी = १० किमी’ असं अक्षरात लिहिलं असेल, तर आकार बदलताच ते खोटं ठरतं. त्याऐवजी अंतर दाखवणारी प्रमाणपट्टी काढा. ती नकाशाबरोबरच लहान-मोठी होते.

आलेखांत जपायची ती अक्षरं. १० पॉइंटच्या अक्षरांचा आलेख निम्मा केला की अक्षरं ५ पॉइंटची होतात, वाचणाऱ्याला भिंग लागतं. आलेख काढतानाच छापायच्या मापात काढावा आणि लाटेकमध्ये आकाराला हात लावू नये, हे उत्तम. ते जमत नसेल तर सगळे आलेख एकाच मापात काढून सगळ्यांना एकच पट द्या.

रुंदी ‘टेक्स्टविड्थ’वर मोजावी की ‘लाइनविड्थ’वर? ‘लाइनविड्थ’वर, म्हणजे चित्र जिथे आहे तिथल्या ओळीच्या रुंदीवर. दोन स्तंभांच्या शोधनिबंधात ‘टेक्स्टविड्थ’ म्हणजे दोन्ही स्तंभांची मिळून रुंदी, त्यामुळे चित्र शेजारच्या मजकुरावर चढतं.

प्रत्येक चित्राजवळ आकडा लिहीत बसण्यापेक्षा तो एकाच जागी ठेवणं कधीही बरं. ‘सेटकीज’ या आज्ञेने सगळ्या चित्रांची रुंदी एका ओळीत ठरवता येते, पण मुखपृष्ठावरचं विद्यापीठाचं बोधचिन्हही तेवढंच रुंद होतं, शिवाय एखाद्या ठिकाणी उंची दिलीत तर चित्र ताणलं जातं. ‘अ‍ॅडजस्टबॉक्स’ पॅकेजमधलं ‘मॅक्स विड्थ’ जास्त समजूतदार: मोठं चित्र आवरतं, लहान तसंच ठेवतं. तरी माझी पसंती ‘न्यूकमांड’ने (स्वतःची आज्ञा बनवायच्या सोयीने) फोटो, आलेख आणि नकाशा अशा तीन स्वतंत्र आज्ञा करण्याला आहे. बांधणीसाठी डावा समास वाढवायला सांगितला, तर ओळीच्या रुंदीवर बेतलेले फोटो आपोआप आवरतात. नकाशे आवरत नाहीत. म्हणून नकाशांची पट सर्वांत रुंद नकाशा, इथे बीडचा, पानात बसवून ठरवा आणि तीच बाकीच्यांना द्या.