आगळेवेगळे माऊस: दुखतं कुठे, त्यावर निवड

नेहमीच्या माऊसला वेगात हरवणं फार अवघड आहे. वेगळ्या आकाराचा माऊस घेऊ पाहणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं. १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन प्रयोगशाळेतल्या कार्ड, इंग्लिश आणि बर या संशोधकांनी माऊस, जॉयस्टिक आणि कीबोर्डवरच्या कळा यांची तुलना केली. त्यात माऊस सर्वांत जलद ठरला. नेम धरायला डोळ्याला आणि हाताला जो वेळ लागतोच, त्याहून फारसा जास्त वेळ माऊस घेत नव्हता. म्हणजे इतर काहीही घेतलं तरी कामाचा वेग वाढेल अशी आशा ठेवू नये. असा माऊस घ्यायचा तो हातासाठी.

हाताचं गणित असं की ताण नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. मनगटावरून निघाला की अंगठ्यावर जातो, अंगठा सुटला की खांद्याकडे सरकतो. म्हणून आधी आपलं नेमकं काय दुखतं ते ओळखावं आणि त्या भागाला विश्रांती देणारा माऊस बघावा. खालची तुलना याच अंगाने केली आहे.

सर्वांत जास्त चर्चा होते ती उभ्या माऊसची, म्हणजे व्हर्टिकल माऊसची. साध्या माऊसवर हात पालथा असतो. हात पालथा केला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवरून तिरकी येतात आणि तो पीळ धरून ठेवायला स्नायूंना सतत काम करावं लागतं. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो, पीळ बराच सुटतो, आणि तळहाताची मनगटाजवळची नाजूक बाजू टेबलावर दाबली जात नाही. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा उतार ५७ अंशांचा आहे. एव्होल्युएंटचा व्हर्टिकलमाऊस त्याहून सरळ उभा असतो, आणि करंगळी टेबलावर घासू नये म्हणून त्याला खाली बाहेर आलेली कडा दिली आहे. ही कडा दिसायला क्षुल्लक, पण दिवसभर काम करणाऱ्याच्या करंगळीला तिची किंमत कळते.

उभ्या माऊसची अडचण क्लिकमध्ये आहे. साध्या माऊसवर बोट खाली दाबतं, तो दाब टेबल झेलतं. इथे बोट आडवं दाबतं, त्यामुळे माऊस बाजूला सरकू पाहतो आणि अंगठ्याने पलीकडून आधार द्यावा लागतो. बारीक कामात, फोटोची कड कापताना किंवा छोट्या आयकॉनवर नेम धरताना, हे जाणवतं. शिवाय कर्सर हलवण्याचं काम मनगटाकडून कोपराकडे आणि खांद्याकडे जातं. मनगट दुखत असेल तर तेच हवं आहे, पण खांदा आधीच धरलेला असेल तर उभा माऊस घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कार्यालयीन काम, मेल, ब्राउझर, तक्ते यांसाठी मात्र पहिला बदल म्हणून हाच घ्यावा. सवय सर्वांत लवकर याचीच होते, कारण हालचाल जुनीच असते, फक्त हाताचा कोन बदलतो.

खांद्यासाठी ट्रॅकबॉल. हे उपकरण जागचं हलतच नाही, फिरतो तो चेंडू. माऊसचा जनक डग्लस एंगेलबार्ट याचा लाकडी माऊस १९६४ चा, पण ट्रॅकबॉल त्याहून जुना आहे: १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी चाललेल्या डेटार प्रकल्पात बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवून तो बनवला होता. हात स्थिर राहत असल्याने खांद्याची ये-जा थांबते, आणि टेबलावर जागा नसली तरी चालतं.

पण ट्रॅकबॉलमध्ये दोन घराणी आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. लॉजिटेकच्या एर्गो एम५७५ सारख्या मॉडेलमध्ये चेंडू अंगठ्याखाली असतो. माऊसची सवय असलेल्याला हे सोपं जातं, कारण क्लिकची बोटं तिथल्या तिथेच राहतात. मात्र कर्सरची सगळी हालचाल एकट्या अंगठ्यावर येते. फोनवर टाइप करून ज्यांचा अंगठा मुळाशी दुखतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या घराण्यात, उदाहरणार्थ केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसमध्ये, ५५ मिलिमीटरचा मोठा चेंडू मधोमध असतो आणि तो दोन-तीन बोटांनी फिरवायचा. स्क्रोलसाठी चेंडूभोवती कडं असतं. शिकायला हा अवघड, विशेषतः एक बटण दाबून धरून ड्रॅग करणं. पण काम अनेक बोटांत वाटलं जातं, आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्यालाही चालतो, आणि मोठ्या चेंडूमुळे हालचाल बारीक करता येते. दोन्हींत निवडायचं तर मी बोटांचा ट्रॅकबॉल सुचवेन, सोय कमी वाटली तरी. दोन्हींना एक देखभाल लागतेच: चेंडू ज्या तीन छोट्या टेकूंवर टेकतो, तिथे हाताचा मळ साचतो. कर्सर अडखळू लागला की चेंडू काढून ते पुसावेत.

रोलरबार फार कमी लोकांनी पाहिलेला असतो, आणि मला तो सर्वांत दुर्लक्षित पर्याय वाटतो. कॉन्टूरच्या रोलरमाऊसमध्ये कीबोर्डच्या अलीकडे, आपल्या बाजूला, एक आडवा दांडा असतो. तो गोल फिरवला की कर्सर वर-खाली जातो, डावी-उजवीकडे सरकवला की आडवा जातो, दाबला की क्लिक होतो. कीबोर्डच्या उजव्या टोकाला अंकांच्या कळा असतात आणि त्या माऊसला आणखी दूर ढकलतात. दिवसातून असंख्य वेळा तिथवर हात नेणं हेच अनेकांच्या खांदेदुखीचं मूळ असतं. दांडा समोरच असल्याने ते जाणं-येणं संपतं आणि दोन्ही हात आळीपाळीने वापरता येतात. लिहिणाऱ्यांनी, संपादकांनी, हिशेबनिसांनी याचा गंभीरपणे विचार करावा. चित्र काढणाऱ्यांनी आणि गेम खेळणाऱ्यांनी करू नये, कारण तिरकी, मुक्त हालचाल दांड्यावर सहज जमत नाही.

चपटा होणारा माऊस प्रवासासाठी ठीक. मायक्रोसॉफ्टचा आर्क वाकवला की सुरू होतो, सपाट केला की बंद होतो, कल्पना सुरेख आहे. पण तळहाताखाली आधार नसल्याने दिवसभरासाठी तो घेऊ नये.

थ्रीडीकनेक्शनचा स्पेसमाऊस या रांगेत चुकून येतो, कारण तो माऊसची जागा घेतच नाही. त्याची टोपी ढकलली, उचलली, कलवली किंवा पिळली की पडद्यावरचं त्रिमितीय मॉडेल सहा प्रकारे हलतं. तो डाव्या हातात ठेवायचा आणि उजव्या हातात नेहमीचा माऊस. त्याचं मूळ जर्मन अंतराळ संस्थेच्या यंत्रमानव संशोधनात आहे. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर वस्तूंचे आराखडे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मॉडेल घडवणाऱ्याला तो हवाच, इतर कोणालाही नको.

नुसत्या देखणेपणावर भाळू नये, याला ॲपलचा १९९८ चा गोल माऊस साक्षी आहे. संपूर्ण वर्तुळ असल्याने न पाहता हात ठेवला की पुढची बाजू कोणती हे कळत नसे. पुढे बटणावर बोटासाठी खळगा द्यावा लागला आणि २००० मध्ये तो आकारच मागे पडला.

घेण्याआधी हाताचं माप जरूर पाहा. उभ्या माऊसमध्ये माप चुकलं तर बोटं बटणाच्या टोकाला पोचत नाहीत किंवा आखडून राहतात. एमएक्स व्हर्टिकल मोठ्या हातांना बसतो, त्याच कंपनीचा लिफ्ट लहान आणि मध्यम हातांसाठी आहे आणि तो डावखुऱ्यांसाठीही मिळतो. नवा माऊस आल्यावर जुना लगेच काढून टाकू नका. घाईच्या कामाला जुना, निवांत कामाला नवा असं काही दिवस चालू द्या, आणि कर्सरचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल किंवा पकड सैल झाली असेल, तर आधी डॉक्टरांना हात दाखवा. माऊसची खरेदी त्यानंतर करा.