बेडकाचे शुक्राणू : फ्रीज की द्रव नायट्रोजन?
कृत्रिम फलनासाठी शुक्राणू साठवायचे आहेत आणि मादी चार-सहा दिवसांत अंडी घालणार असेल, तर फ्रीजच बरा. हार्मोन टोचल्यावर नराच्या लघवीतून येणारे शुक्राणू त्या पातळ द्रवात लगेच पोहू लागतात आणि दमतात. म्हणून गोळा करताक्षणी तीव्र क्षारद्रावण मिसळून त्यांना थांबवायचं, मग ४ अंश सेल्सिअसला ठेवायचं. जंतू वाढू नयेत म्हणून जेंटामायसिन हे प्रतिजैविक. वापरताना पाणी घातलं की ते पुन्हा हलतात.

वर्षानुवर्षं टिकवायचे तर द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. मिश्रणात १० टक्के डायमिथिल फॉर्मामाइड (गोठताना पेशी वाचवणारं रसायन), १० टक्के सुक्रोज (साखर), ०.२५ मिलीच्या नळ्या. थेट बुडवल्या तर पेशींतच बर्फ होतो, म्हणून आधी नायट्रोजनच्या वाफेत धरायच्या. तरीही वितळल्यावर बरेच शुक्राणू निपचित असतात. आणि टाकी भरायला विसरलात, तर सगळा साठा एकदम जातो.