रायझन ५ ५६००एक्सचे ओव्हरक्लॉकिंग : परभणीच्या थंडीत आणि उन्हाळ्यात आलेला अनुभव

ओव्हरक्लॉकिंगविषयी, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याविषयी, जे वाचायला आणि पाहायला मिळते, ते बहुतेक वेळा वीस-बावीस अंश तापमानाच्या वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेले असते. परभणीत मे महिन्याच्या दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि स्लॅबच्या घरातील वरच्या मजल्यावरची खोली रात्री उशिरापर्यंत धुमसत राहते, त्यामुळे ते आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. थंडीच्या तोंडाशी केलेली सेटिंग सबंध उन्हाळाभर आणि आता पावसाळ्यातही वापरून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : मराठवाड्यासारख्या उष्ण भागात गेमिंगसाठी उपयोगी पडणारे ओव्हरक्लॉकिंग हे व्होल्टेज वाढवण्याचे नसून ते कमी करण्याचे आहे.

माझ्या संगणकात एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२०० वेगाची १६ जीबी डीडीआर४ रॅम दोन पट्ट्यांमध्ये, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि १४४ हर्ट्झचा १०८० पिक्सेलचा मॉनिटर आहे. प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा बाजूला ठेवून १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा टॉवर कूलर बसवला आहे. तो घेण्यासाठी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो होतो, कारण देवगिरी एक्सप्रेसने परभणी-नांदेडकडील मंडळींना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा ती बाजारपेठ जवळची पडते. मदरबोर्ड घेताना एवढे पाहावे की ए५२० चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही, त्यासाठी बी५५० किंवा एक्स५७० सारखा चिपसेट लागतो. इंटेलच्या बाजूला ही अट आणखी कडक आहे : नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड असे दोन्ही असल्याशिवाय क्लॉकचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा, गुणक वाढवता येत नाही.

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपला गेम नेमका कोणामुळे अडतो, हे तपासणे आवश्यक आहे. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममधून खेळताना पडद्यावर ग्राफिक्स कार्डचा वापर दाखवता येतो. तो सतत ९७ ते ९९ टक्के असेल, तर प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे, वाढणार नाहीत. माझ्याकडे सायबरपंक २०७७ उच्च ग्राफिक्सवर चालवला असता नेमके हेच दिसते, आणि ओव्हरक्लॉकिंगच्या आधी व नंतरच्या सरासरी फ्रेममध्ये मोजण्याजोगा फरक पडलेला नाही. याउलट व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ कमी ग्राफिक्सवर खेळताना कार्ड अर्धेमुर्धे रिकामे असते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. हा सारा खटाटोप अशा गेमसाठीच आहे, आणि तिथेही सरासरी फ्रेमपेक्षा सर्वात वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा, ज्याला वन पर्सेंट लो म्हणतात, तो अधिक महत्त्वाचा मानावा. धुराचा गोळा फुटला, समोरून दोघे एकदम आले आणि चित्र क्षणभर अडखळले, तर त्या वेळी सरासरी चारशे फ्रेम असून काही उपयोग नसतो.

तुलनेसाठी प्रथम जुनी पद्धत वापरून पाहिली, म्हणजे प्रोसेसरचे सर्व सहा कोअर (आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग) ४.६ गिगाहर्ट्झवर स्थिर केले आणि व्होल्टेज १.३ ठेवले. रेंडरिंगसारख्या कामात तिचा फायदा दिसतो, गेममध्ये मात्र जवळपास काहीच दिसत नाही, कारण हा प्रोसेसर एक-दोन कोअरवरच्या भारात स्वतःहूनच ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जात असतो. शिवाय वीज आणि उष्णता यांचे गणित इथे फार निष्ठुर आहे. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४.६ वरून ४.७ गिगाहर्ट्झवर जाताना वेग केवळ दोन टक्क्यांनी वाढला, पण त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावे लागले, तर विजेची मागणी सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढते. ही सगळी उष्णता सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एका लहानशा चिपलेटमधून बाहेर पडायची असते, म्हणून कूलर मोठा घेतला तरी तापमान अपेक्षेएवढे उतरत नाही.

त्यानंतर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ, ही प्रोसेसरला स्वतःहून अधिक वेग घेऊ देणारी एएमडीची सोय आणि त्यासोबतचा कर्व्ह ऑप्टिमायझर या मार्गावर स्थिरावलो. प्रत्येक क्लॉकसाठी किती व्होल्टेज द्यायचे, याचा एक आलेख कारखान्यातच ठरवलेला असतो आणि तो सर्वात कमकुवत चिपलाही पुरावा म्हणून हात राखून आखलेला असतो. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा दिला की हा आलेख खाली सरकतो; एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि मर्यादा उणे ३० पर्यंत. व्होल्टेज कमी झाल्यामुळे उष्णता कमी होते, आणि उरलेल्या वावात प्रोसेसर स्वतःच अधिक क्लॉक घेतो. यासोबत पीबीओमध्ये कमाल क्लॉकची मर्यादा २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येते. माझ्याकडे खेळताना पूर्वी ४.६ च्या आसपास असणारा क्लॉक आता थंडीत ४.७५ ते ४.८ गिगाहर्ट्झ राहतो, आणि सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममधील सर्व कोअरचे गुण अकरा हजारांच्या आसपासून बारा हजारांच्या जवळ गेले.

सर्व कोअरना एकच उणे आकडा देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. रायझन मास्टर या प्रोग्रॅममध्ये ज्या कोअरपुढे चांदणी किंवा ठिपका दिसतो, ते मुळातच उत्तम कोअर असतात; सर्वाधिक क्लॉक त्यांनाच मिळतो आणि त्यांच्या आलेखात कपातीला जागा कमी असते. माझ्या प्रोसेसरमध्ये असे दोन कोअर उणे १० ते १२ च्या पुढे टिकत नाहीत, तर उरलेले चार उणे २५ वर निर्धास्त चालतात.

या पद्धतीतील अस्थिरता फसवी असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जुन्या पद्धतीत प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम रात्रभर चालला की संगणक स्थिर आहे, असे मानले जाई. कर्व्ह ऑप्टिमायझरच्या बाबतीत पूर्ण भाराखाली सर्व काही सुरळीत असते आणि संगणक नुसता ब्राउझर उघडा ठेवून पडलेला असताना अचानक रीस्टार्ट होतो. कारण उघड आहे : सर्वोच्च क्लॉक हलक्या भारात, एकट्या कोअरला मिळतो, आणि व्होल्टेजची चणचणही तिथेच भासते. म्हणून कोअरसायकलरसारखा एकेक कोअर स्वतंत्रपणे तपासणारा प्रोग्रॅम वापरावा आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. रीस्टार्ट झालाच, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद सापडते. तिच्यात प्रोसेसरचा एपीआयसी क्रमांक असतो आणि या प्रोसेसरवर त्या क्रमांकाला दोनने भागले की दोषी कोअर समजतो. त्या एकाच कोअरचा आकडा तीन-चारने मागे घ्यावा, सगळ्यांचा घेऊ नये.

खरी कसोटी मार्चअखेरीस सुरू झाली. खोलीचे तापमान जेवढे वाढते, जवळजवळ तेवढेच प्रोसेसरचेही वाढते, या नियमातून कोणताही हवेवर चालणारा कूलर सुटत नाही. डिसेंबरच्या रात्री वीज-मर्यादा मोकळी सोडून, म्हणजे सुमारे ११५ वॅटवर, चाचणीत पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तर अंश दिसणारा प्रोसेसर एप्रिलच्या दुपारी नव्वदीपार जाऊ लागला. त्याची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे तो बंद पडला नाही. परंतु ही पिढी मर्यादा गाठण्याच्या बरीच आधीपासून तापमानानुसार क्लॉक थोडा थोडा उतरवते, आणि पंख्याचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येतो. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, दोन प्रोफाइल केली. थंडीच्या प्रोफाइलमध्ये वीज-मर्यादा सुमारे १०० वॅट, उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये मूळचीच ७६ वॅट; कर्व्ह ऑप्टिमायझरचे आकडे दोन्हींत तेच. सिनेबेंचचे गुण उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये घसरतात, पण गेम खेळताना हा प्रोसेसर मुळात पन्नास ते सत्तर वॅटच घेतो, म्हणून ७६ वॅटच्या मर्यादेमुळे फ्रेममध्ये काहीही तोटा होत नाही. हिवाळ्याचे प्रोफाइल आता मी हौसेपुरतेच ठेवले आहे.

खोलीत पाण्याचा कूलर असेल, तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो संगणकाला मोठाच आधार देतो. खोली सात-आठ अंशांनी उतरते आणि प्रोसेसरही तितकाच उतरतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पट्ट्यांवर पांढरे साचतात. मृगाचे ढग आले आणि हवेत दमटपणा वाढला की कूलरचा परिणाम संपतो, आणि जून महिन्यातील काही दिवस मेपेक्षाही अवघड जातात. धुळीबद्दल वेगळे सांगायला नको; परंतु सेलू, मानवत किंवा परभणीत जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी कापसाच्या हंगामात समोरची जाळी दर पंधरवड्याला काढून पाहावी, कारण कापसाचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि पंखा फिरत असूनही हवा आत जात नाही.

रॅमकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते फ्रेमच्या दृष्टीने सर्वात स्वस्त लाभ तिथेच आहे. पेटीवर ३२०० लिहिलेली रॅम बायोसमधील एक्सएमपी प्रोफाइल (पेटीवरचा वेग लागू करणारी सेटिंग) चालू करेपर्यंत त्याहून कमी, कित्येकदा २१३३ किंवा २६६६ वेगानेच चालत असते, आणि दुकानात जुळवून दिलेल्या अनेक संगणकांत हे प्रोफाइल बंदच आढळते. रायझन ५००० मालिकेत इन्फिनिटी फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतील भागांना जोडणाऱ्या दुव्याचा, वेग रॅमशी एकास एक जुळलेला असावा लागतो. रॅमचा प्रत्यक्ष क्लॉक लिहिलेल्या आकड्याच्या निम्मा असल्याने ३६०० वेगाच्या रॅमसाठी तो १८०० मेगाहर्ट्झ होतो, आणि बहुतेक प्रोसेसर तेवढा सहज देतात. माझी रॅम थोड्या सैल टायमिंगवर, म्हणजे प्रतिसादाला थोडा जास्त अवधी देऊन, ३६०० ला चालते. व्हॅलोरंटमधील वन पर्सेंट लोमध्ये एकूण जी आठ-दहा टक्क्यांची वाढ दिसली, तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा रॅमचा होता. रॅमची चाचणी मेमटेस्ट८६ ने घ्यावी आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा घ्यावी, कारण थंडीत निर्दोष ठरलेली टायमिंग तापलेल्या कॅबिनेटमध्ये चुका करू शकते, आणि त्या चुका विंडोजच्या फायली हळूहळू बिघडवतात.

विजेच्या लपंडावाचा प्रश्न आपल्याकडे सुटलेला नाही. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल, तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर असल्याची खात्री करावी. साध्या मोडमध्ये वीज पालटायला लागणारा वेळ पंखे-दिव्यांना चालतो, भाराखालच्या संगणकाला चालत नाही. बायोस अद्ययावत करताना तर बॅटरीचा आधार असलाच पाहिजे. अद्ययावत केल्यावर सर्व सेटिंग पुसल्या जातात आणि जुन्या आवृत्तीत जतन केलेले प्रोफाइल नव्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही, म्हणून सहाही कोअरचे आकडे वहीत लिहून ठेवले आहेत. विजेच्या बिलाची चिंता मात्र अनाठायी आहे : चाळीस वॅट अधिक धरले आणि रोज चार तास खेळले, तरी महिन्याला पाच युनिटही होत नाहीत.

वॉरंटीच्या बाबतीत एएमडीची भूमिका स्पष्ट आहे : ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओ हे त्यांचेच साधन असूनही त्याला यातून सूट नाही. मदरबोर्डही सेटिंग उघडताना तसा इशारा देतो. वडिलांच्या पैशातून घेतलेल्या नव्या संगणकावर लातूर-नांदेडला शिकणाऱ्या मुलांनी एवढे तरी वाचून पुढे जावे.

ज्यांना केवळ फ्रेमच हव्या आहेत आणि सेटिंगशी खेळण्याची आवड नाही, त्यांनी याच एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डवर बसणारा रायझन ७ ५८००एक्स३डी वाजवी किमतीत मिळतो का, ते पाहावे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या त्या प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद आहे, पण त्यातील ९६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) प्रोसेसरवर अडणाऱ्या बऱ्याच गेममध्ये माझ्या या साऱ्या मशागतीपेक्षा अधिक देऊन जाते. तो उष्णही अधिक होतो, तेव्हा सोबतच्या छोट्या पंख्याच्या आकाराचा जुना कूलर त्याला पुरणार नाही. आणि जुन्या मदरबोर्डवर तो बसवण्याआधी, ५६००एक्स जागेवर असतानाच, बायोस अद्ययावत करून घ्यावा.