सोलर बसवणाऱ्यांचं काम एक नंबर, बोलणं मात्र निम्मं खरं (३.५/५)

पुण्यात धायरीत रो हाऊस आहे, गच्ची मोकळी, त्यामुळे पीएम सूर्यघर योजनेतून (घराच्या गच्चीवरच्या सोलरला केंद्र सरकारची सबसिडी) ३ किलोवॉटचं सोलर बसवून घेतलं. व्हेंडर सिंहगड रोडचाच, पण नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण जी तक्रार आहे ती त्या एकट्याची नाही, ज्याच्याकडे कोटेशन मागावं तो तेच बोलतो.

आधी चांगलं सांगतो. बसवणारी पोरं कामाला पक्की. स्ट्रक्चर उंच घेतलं, खालून माणूस ताठ चालतो आणि कपड्यांच्या दोऱ्या जिथल्या तिथे राहिल्या (आईची अट होती, त्याशिवाय गच्चीवर पाय ठेवू देत नव्हती). स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंगची वाट लावली नाही, सिमेंटचे ठोकळे टाकून त्यावर पाय उभे केले. अर्थिंगचे तिन्ही खड्डे वेगळे. पॅनल डीसीआरचे, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले, तसे नसतील तर सबसिडी विसरा. कोणी फारच स्वस्तात देत असेल तर आधी हेच विचारा.

सबसिडीचा हिशोब सरळ आहे, पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, झाले ७८,००० आणि तिथेच संपलं, ५ किलोवॉट बसवलंत तरी ७८,०००च. पैसे आधी आपले घालायचे नाहीतर लोन काढायचं, नेट मीटर (घेतलेली आणि लाईनवर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागून योजनेच्या पोर्टलवर काम पूर्ण झाल्याचा रिपोर्ट चढला की मग खात्यात येतात. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर ते आधी बदलून घ्या म्हणजे पुढे डोक्याला ताप नाही. कागदपत्रं आणि मीटरचा पाठपुरावा यांच्याच माणसाने केला, त्याबद्दल पूर्ण मार्क.

आता मुख्य मुद्दा. कोटेशन द्यायला आलेला मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "सर, एकदा सोलर बसलं ना की लाईट गेलेली कळणार पण नाही." म्हटलं आणि रात्री? तर म्हणे "नेट मीटरिंग आहे ना सर!" अरे बाबा, नेट मीटरिंग म्हणजे युनिटची देवाणघेवाण, त्याने रात्री लाईट गेल्यावर पंखा कसा फिरेल? या योजनेत बहुतेक ठिकाणी बसतो तो ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या वीज जाळ्याला (ग्रीडला) जोडलेला, आणि बाहेरची वीज गेली की तो स्वतःहून बंद पडतो. बिघाड नाही हा, तसाच बनवलेला असतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल. त्यामुळे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट गेली की भर दुपारच्या कडक उन्हात पॅनल नुसते तळपत बसतात. शेजारच्या काकांनी तर असल्याच बोलण्यावर विश्वास ठेवून घरातला जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारात दिला, आणि आता काकू रोज उद्धार करतात, काकांचा पण आणि सोलरवाल्याचा पण. आमचा मी ठेवलाय.

गंमत म्हणजे नियमात काही लपवलेलं नाही. सबसिडी मोजतात पॅनलच्या किंवा इन्व्हर्टरच्या क्षमतेवर, दोन्हीत जी कमी असेल त्यावर, बॅटरीला वेगळा एक रुपया नाही. हायब्रिड (बॅटरी जोडता येणारा इन्व्हर्टर) लावायला कोणी अडवत नाही पण बॅटरीचा खर्च सगळा आपला. बॅटरीसाठी सरकारी मदत आहे, पण ती मोठ्या प्रकल्पांना: सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॉट-तास साठवणुकीसाठी भांडवली खर्चाच्या ४०% पर्यंत मदत मंजूर केली, आणि त्यातली किमान ८५% क्षमता वीज वितरण कंपन्यांना द्यायची अट घातली. म्हणजे पुरवठा टिकवायचे पैसे ग्रीडला आणि बिल कमी करायचे पैसे आपल्या गच्चीला. मला विचाराल तर ठीकच आहे, संध्याकाळी सगळं शहर एकदम एसी लावतं तेव्हा माझ्या जिन्याखालची एक बॅटरी कोणाला पुरणार. पण मग तसं सांगा ना गिऱ्हाईकाला!

सोसायटीवाल्यांनीही वाचा. सामाईक वापरासाठी १८,००० प्रति किलोवॉट मिळतात, पंप आणि लिफ्टचं बिल उतरेल, पण लाईट गेल्यावर लिफ्ट चालवायला जनरेटर लागणारच, तो विकायचा ठराव मांडू नका.

बाकी बिलाबाबत समाधानी. स्वच्छ उन्हात ३ किलोवॉटला दिवसाला १२ च्या आसपास युनिट होतात, पावसाळ्यात बराच मार बसतो, पण उन्हाळ्यातलं जास्तीचं पुढच्या महिन्यात वळतं होतं (३१ मार्चपर्यंतच, नंतर उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, भाव ऐकून फार खूश होऊ नका). कबुतरांचा बंदोबस्त आपला आपण करायचा. पाच वर्षं मेंटेनन्स व्हेंडरने द्यायचा असा योजनेतच नियम आहे आणि हे लोक पैसे मिळाल्यावरही फोन उचलतात, म्हणजे बघा.

कोटेशन घेताना ऑन-ग्रिड आणि हायब्रिड असे दोन वेगळे आकडे मागा, आणि लाईट गेल्यावर घरातले कुठले पॉइंट किती वेळ चालणार ते त्याच कागदावर सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. आमच्याकडे "लाईट गेल्यावर सिस्टीम बंद राहील" एवढं एक वाक्य लिहून द्यायला त्या मुलाने इतके आढेवेढे घेतले की शेवटी त्याच्या मालकाला फोन करावा लागला. दीड स्टार त्याचाच कापलाय.