हम्पता पासच्या ट्रेकमधला गायब मुक्काम

साताऱ्यातून हल्ली दर सीझनला हिमालयात ग्रुप जातात. कुणी मनालीजवळचा हम्पता पास (खिंड) ठरवत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा.

आयोजक आमच्याच शहरातला. कार्यक्रम कागदावर चोख होता: जोब्रापर्यंत गाडी, पहिला मुक्काम चिका, दुसरा बालू का घेरा, तिसऱ्या दिवशी पास ओलांडून शिया गोरू, चौथ्या दिवशी छत्रूला उतरून गाडीने चंद्रताल तलाव. माणशी साडेचौदा हजार, सगळे आगाऊ, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. पक्की पावती मागितली तर म्हणाला, "अहो सर, गावातलाच माणूस मी, पळून कुठं जाणार?" उंचीचा विषय काढला की, "तुम्ही यवतेश्वरचा घाट पळत चढणारी माणसं, तुम्हाला काय होतंय!" हिल मॅरेथॉनच्या गावात हे वाक्य हमखास खपतं. पण आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि हम्पता पास जवळपास ४२७० मीटर. तिथे हवा विरळ, पायांतल्या ताकदीचा फार उपयोग नाही. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. मधले मुक्काम ठेवतात ते त्यासाठीच.

गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, पुढे रात्रीच्या बसने मनाली. चिका आणि बालू का घेरा ठरल्याप्रमाणे झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे गाइड म्हणाला, "मौसम बिगड रहा है, आज सीधा छत्रू." आभाळात चांदण्या लखलखत होत्या. फोनला रेंज नाही, विचारणार कुणाला?

पासपर्यंतची चढण दमवणारी, पण निभली. आमच्यातल्या एका काकांचं डोकं ठणकत होतं, वर त्यांना ओकारी झाली. ऑक्सिमीटर निघाला तो बंद. अशा वेळी खाली उतरणं हाच उपाय, त्यामुळे तेवढ्यापुरतं बरंच झालं. पलीकडे लाहौल खोऱ्याची बाजू उघडीबोडकी, तीव्र उतार, बर्फ आणि सुटे दगड. गुडघ्यांनी तिथेच मान टाकली.

खरा धोका शिया गोरूच्या ओढ्याचा. त्याचं पाणी वितळलेल्या बर्फाचं. सकाळी कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं. म्हणून लोक रात्री तिथे राहून सकाळी ओलांडतात. आम्ही पोचलो दुपार कलल्यावर. पाणी मांडीपर्यंत, ओढ असली की पाऊल टेकू देईना, आणि पाय क्षणात बधिर. हातात हात घालून साखळी केली. मधल्या एका ताईंचा तोल गेला, दोघांनी धरलं म्हणून निभावलं. गळ्यात अडकवलेले बूट मात्र गेले. पुढची वाट त्या कुणाच्या तरी सँडलमध्ये चालल्या. छत्रूला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता.

रात्री जेवण वाढताना स्वयंपाकी सहज बोलून गेला, "आपके सातारावाले ने एक रात का पैसा कम भेजा है." मौसम बिघडला होता तो इथे. आम्हाला डोंगरात प्रत्यक्ष नेणारा होता मनालीचा ऑपरेटर; आम्ही भरलेल्या पैशांतला त्याच्याकडे पोचला तो एक भाग, आणि त्यानेही हिशेबात एक तंबू कमी केला. चंद्रताललाही अर्थात नेलं नाही. मनालीहून आयोजकाला फोन लावला तर उत्तर तयार: "खाली लिहिलंय ना, परिस्थितीनुसार बदल होईल." दोन दिवसांनी आम्ही सगळे ब्लॉक.

पैसे भरण्याआधी डोंगरात प्रत्यक्ष नेणारी कंपनी कोणती ते लेखी घ्या, तिची हिमाचल पर्यटन विभागाकडची नोंदणी मागा आणि थेट तिला फोन करून किती रात्रींचे पैसे पोचलेत ते विचारा. गाइडने पर्वतारोहण संस्थेचा कोर्स केलाय का, हेही विचारा. चिडला तरी चालेल. निम्मी रक्कम मनालीत पोचल्यावरच द्या. 'परिस्थितीनुसार' या शब्दापुढे रद्द मुक्कामाचे पैसे परत मिळतील असं लिहून घ्या.

फसलात तर चॅट आणि यूपीआयचे व्यवहार पुसू नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. आमची तक्रार तिथे दाखल आहे.

दरम्यान गृहस्थांनी नव्या नावाने पुढच्या सीझनची जाहिरात काढली आहे. पोस्टरवर पासवरचा आमचाच फोटो आहे.